ऐरणीचे मोल

खंडेनवमीला हत्यारे पुसायची, त्यांना हळदकुंकू वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून वाटायची, ही आपली रीत. पोटासाठी सुरतेला आलेल्या खानदेशी माणसानेही ती सोडलेली नाही. लिंबायत-उधन्याच्या वस्तीत दसऱ्याला मागांना झेंडूचे हार चढतात. शेजारचा गुजराती गृहस्थ सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभा असतो, पण परतल्यावर तोही आपल्या यंत्राला टिळा लावायला विसरत नाही. हत्यार पूज्य आहे, याविषयी दोन्ही भाषांत दुमत नाही. मात्र ज्याची आपण वर्षातून एकदा पूजा करतो, त्याची आपल्याला ओळख कितपत असते? आणि एकदा ओळख पटली, म्हणजे ओळखणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही?

हा प्रश्न आज मांडण्याला कारण आहे. जुन्या हत्यारांना अलीकडे चांगले दिवस आले आहेत. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले असते, कोणाच्या फार्महाऊसवर ऐरणीवर काच टाकून चहाचे टेबल केलेले असते, दारावर घोड्याचा नाल ठोकलेला असतो. शौक वाईट नव्हे. माणूस जुन्या वस्तूकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी चांगलेच हलत असते. परंतु शौक आणि पारख यांत अंतर आहे, आणि पारख व न्याय यांत त्याहूनही मोठे अंतर आहे. त्या दुसऱ्या अंतराविषयी मला लिहावयाचे आहे.

प्रथम पारखीविषयी. आपल्या द्विभाषिक मुलखात लोहाराची शाळा शब्दांपासूनच सुरू होते. आपली ऐरण ती गुजरातीत एरण, घण दोहोंकडे घणच, कानस दोहोंकडे कानसच. आपला भाता मात्र तिकडे धमण होतो. धमण हा शब्द ऐकला की आमच्या वर्गातल्या मुलांना शरीरशास्त्रातली धमनी आठवते, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही शब्द फुंकण्याच्या एकाच संस्कृत धातूपासून निघालेले आहेत. भट्टीला श्वास देणारी ती धमण. फिरत्या घिसाड्यांच्या बाबतीत तर ही भाषांची सरमिसळ आणखी खोल जाते. महाराष्ट्राच्या गावोगाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या लोहारांची घरातली बोली ग्रिअर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणात गुजरातीच्या कक्षेत घातली आहे. म्हणजे मराठी शेतकऱ्याची विळी-कुऱ्हाड ज्याने शेवटून दिली, तो आपल्या मुलाला हाक मारताना गुजरातीच्या जवळची बोली बोलत होता. सीमा नकाशावर असतात, ऐरणीवर त्या टिकत नाहीत.

लोहाराच्या हत्यारांत एक गोष्ट अशी आहे की जी दुसऱ्या कोणत्याही बलुतेदाराच्या हत्यारांत सापडत नाही. सुताराचा वाकस लोहार घडवतो, चांभाराची रापी लोहार घडवतो, शेतकऱ्याचा फाळ आणि न्हाव्याचा वस्तराही लोखंड तापवणाऱ्याच्याच हातचा. पण लोहाराचा सांडस कोण घडवतो? लोहारच. जे काम समोर येईल त्याच्या आकाराप्रमाणे तो सांडसाची चोच वळवून घेतो. सपाट पट्टी धरायला एक, गोल सळई धरायला दुसरा, फाळ धरायला तिसरा. म्हणून जुन्या लोहाराच्या भट्टीजवळ दहा सांडस असतील तर ती दहा कामांची नोंदवही समजावी. लिहिता न येणाऱ्या माणसाने लोखंडात लिहून ठेवलेली.

ऐरणीची परीक्षा कानाने करतात. हातोडीने हलका ठोका मारला की चांगली ऐरण खणखणते आणि हातोडी आपणहून उसळते. आत तडा असेल, किंवा ओतीव बिडाचा ठोकळा असेल, तर आवाज बद्द येतो आणि हातोडी मरगळल्यासारखी पडून राहते. गावठी ऐरण म्हणजे लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा. विलायती ऐरणीला एका बाजूने शिंग असते. इंग्लंडमधल्या डडली गावच्या पीटर राइट या कारखान्याच्या ऐरणी जगभर गेल्या. अशा इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर पुष्कळदा तीन आकडे ठोकलेले दिसतात. तो वजनाचा हिशेब असतो. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असे आकडे असले तर ११२ अधिक ५६ अधिक १०, म्हणजे १७८ पौंड, आजच्या मापाने सुमारे ८१ किलो. आठवीतल्या मुलाला दोन मिनिटांत येणारे गणित आहे, पण किल्ली ठाऊक नसेल तर ते आकडे म्हणजे नुसत्या रेघोट्या.

नालबंदाची हत्यारे त्याहून नाजूक. त्याचा हातोडा हलका असतो आणि मागच्या बाजूला दोन नख्या असतात; खुरातून बाहेर आलेले खिळ्याचे टोक पिळून तोडण्यासाठी त्या लागतात. खिळा दिसायला साधा, पण टोकाशी एका अंगाने किंचित तासलेला. ती तासलेली बाजू आत धरून ठोकला म्हणजे टोक बाहेरच्या अंगाला वळते आणि खुराच्या निर्जीव कडेतून सुखरूप बाहेर पडते. उलटा धरला तर तोच खिळा आत, जिवंत मांसाकडे जातो आणि जनावर लंगडते. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे त्याला एका पायाला दोन, चारी पायांना मिळून आठ पत्र्या. त्यासाठी बैल दोराने पाडून पाय बांधावे लागतात. घोडा उभाच राहतो, आणि नालबंद त्याचा पाय स्वतःच्या गुडघ्यांत धरतो. हजार रुपयांचे जनावर आणि दोन पैशांचा खिळा यांच्यामध्ये त्या माणसाचा अंगठा तेवढा असतो.

सुरतेत मराठ्यांचे नाव निघाले की १६६४ आणि १६७० ही दोन साले निघतात, आणि तीही घोड्यांच्या टापांसकट. त्या काळच्या कागदांत नालबंदी हा शब्द येतो. शिलेदाराला घोड्याच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम दिली जाई, ती नालबंदी. शब्द दप्तरात राहिला. पण ज्याच्या कामावरून तो शब्द पडला त्या नालबंदाचे नाव कोणत्या बखरीत शोधावे?

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला, आता पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला असलेला एक तरुण दोन वर्षांपूर्वी मला भेटायला आला. त्याचे आजोबा नंदुरबारकडच्या एका खेड्यात लोहार होते. ते वारल्यानंतर गावचे घर विकायला काढले, तेव्हा भट्टीवरचे सामानही निघाले. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. तेवढ्यात ओळखीतून एक शौकीन गृहस्थ आले. त्यांनी ऐरण पाहिली, खिशातला रुमाल काढून तिची कुशी पुसली, क्षणभर थांबले, आणि भंगाराच्या दुप्पट भाव देऊ केला. घरच्यांना आनंद झाला. ऐरण गेली. सहा महिन्यांनी या तरुणाला कोणीतरी सांगितले की तसल्या ऐरणीला शौकिनांत पुष्कळ मोठी किंमत येते. त्याला ते आकडे पाठ होते, कारण लहानपणी तो त्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासत असे. आजोबा त्यांना ऐरणीचा नंबर म्हणत. तो मला म्हणाला, "सर, ते गृहस्थ खोटं काहीच बोलले नाहीत. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भंगारवाल्यापेक्षा दुप्पट दिले. मग मला फसल्यासारखं का वाटतं?"

मी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत ठेवला. मधली सुट्टी पुरली नाही. गणिताचे शिक्षक म्हणाले, यात गैर काय? पारख मिळवायला त्या गृहस्थांनी वर्षे घातली असतील, पुस्तके घेतली असतील, प्रवास केला असेल. त्या ज्ञानाची ती मजुरी. सगळे आधीच सांगून टाकायचे तर शिकावे कशाला? वाणिज्य शिकवणाऱ्या बाईंनी कायदा काढला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम सांगते की नुसते मौन, बोलण्याचे बंधन नसेल तेथे, कपट ठरत नाही. मराठीच्या बाई एवढेच म्हणाल्या, "मग त्यांनी रुमाल खिशात परत ठेवताना वर का नाही पाहिलं?" कायद्याच्या कलमाला या वाक्याचे उत्तर देता येत नाही.

प्रश्न जुना आहे. इ.स.पू. ४४ मध्ये रोमच्या सिसेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट घालतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे या व्यापाऱ्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते गावाला सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मालात खोट नसली आणि तोंडाने खोटे बोलले नाही, म्हणजे झाले. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितले पाहिजे. दुसऱ्याला जे जाणून घेण्यात हित आहे ते आपल्या नफ्यासाठी दडवणे, हे माणसामाणसांतले नातेच नाकारणे आहे. पुढे त्याच ग्रंथात तर आपल्या ऐरणीचाच दाखला आहे. एखादा माणूस पितळ समजून सोने विकत असेल, तर सज्जनाने ते सोने आहे असे सांगावे, की हजारांचा माल एका नाण्याला घ्यावा? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे.

आपल्या सुरतेत या वादाला एक निराळी कसोटी मिळते. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात पुडी उघडली जाते तेव्हा दोन्ही बाजूंना पारखी बसलेले असतात. भिंग दोघांजवळ असते. तेथे घासाघीस करणे हा खेळ आहे, आणि खेळात आपले पान लपवणे हा गुन्हा नव्हे. परंतु लोहाराच्या नातवापुढे ऐरण मांडलेली असताना भिंग एकाकडेच होते. आणि ते त्याच्याकडे नव्हते याचे कारण आळस नव्हे. ज्या घराने चार पिढ्या लोखंड ठोकले, त्या घराला आपल्या हत्याराचा बाजारभाव कळण्याची सोय समाजाने कधी केलीच नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत लोहाराच्या कामाला किंमत नव्हती, वाटा होता. शेतकरी खळ्यावर जे धान्य घालील ते. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या पुस्तकात या देण्याघेण्याचा सारा पट मांडलेला आहे. ज्याच्या श्रमाला कधी किंमत लावली गेली नाही, त्याच्या हत्याराची किंमत त्याला ठाऊक असावी अशी अपेक्षा करणे, आणि ती ठाऊक नाही याचा लाभ उठवणे, हे मला एकाच अन्यायाचे दोन हप्ते वाटतात.

गणिताच्या शिक्षकांचा मुद्दा मात्र मी सोडून देत नाही. ज्ञानाला मोल असले पाहिजे. पण मग सगळ्या ज्ञानाला असले पाहिजे. जुन्या हत्याराला माझ्या मते तीन मोले असतात. पहिले लोखंडाचे, ते भंगारवाल्याचा काटा सांगतो. दुसरे शौकाचे, म्हणजे छाप, काळ आणि दुर्मीळपणा यांचे. ते पारखी सांगतो. तिसरे हाताचे. ऐरणीच्या माथ्यावर कोणत्या जागी खळगा पडला आहे आणि का, घणाचा बाभळीचा दांडा कुठे झिजला आहे, कोणता सांडस कशासाठी वळवला, लोखंडाचा रंग कसा झाला की पाण्यात बुडवायचे, हे तिसरे मोल. ते फक्त त्या घरच्या माणसाला ठाऊक असते, आणि पुष्कळदा तेवढे एकच त्याच्यापाशी उरलेले असते. शौकिनाला हे तिसरे ज्ञान फुकट हवे असते. किंबहुना वस्तूची गोष्ट म्हणून ते तो पाहुण्यांना ऐकवतो. मग दुसरे ज्ञान त्याने देऊ नये, हा कुठला न्याय? प्रामाणिक सौदा म्हणजे दोन ज्ञानांची अदलाबदल. तू मला हात सांग, मी तुला छाप सांगतो. मग दोघे मिळून किंमत ठरवू. एवढे करूनही गृहस्थांना ऐरण परवडण्याजोगी मिळाली असती, आणि माझ्या विद्यार्थ्याला ती दिल्याचे समाधान मिळाले असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शौकिनांनी घेतली नसती तर ही हत्यारे भट्टीत वितळून सळया झाल्या असत्या. खरे आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती आणि घरोघरच्या साध्या वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादेत सुरेंद्र पटेलांनी 'विशाला'च्या आवारात १९८१ साली भांड्यांचे संग्रहालय उभे केले. या माणसांचे ऋण मोठे आहे. इंग्लंडात शेफील्डच्या केन हॉली या हत्यारांच्या दुकानदाराने तयार मालाबरोबर अर्धवट घडलेली हत्यारे, हत्यारे घडवण्याची हत्यारे आणि कारखान्यांची सूचीपत्रकेही जमवली, म्हणून आज त्या संग्रहातून काम कसे होत असे ते वाचता येते. वस्तू वाचवणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे वस्तूखालची पाटी. 'घण, लोखंडी' एवढीच पाटी असेल तर ती कशी वाचावी? फिरत्या लोहारांच्या बिऱ्हाडात पुरुष सांडसाने लोखंड धरतो आणि घण बहुधा बाई मारते, हे रस्त्याच्या कडेला आपण सर्वांनी पाहिले आहे. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं'मध्ये लोहाराच्या संसाराची कथा पडद्यावर आणली आणि त्यातले ऐरणीचे गाणे घरोघर गेले. गाणे आपल्याला पाठ आहे. घण मारणाऱ्या बाईच्या खांद्याचे दुखणे पाटीवर नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हत्यार व माणूस यांची आणखी एक विचित्र अदलाबदल चालते. बारडोलीच्या पट्ट्यात साखर कारखान्यांना ऊस तोडायला खानदेशातून जोडपी येतात. त्या जोडप्याला म्हणतात 'कोयता'. किती कोयते आले, किती कोयते पळाले, असा हिशेब होतो. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या मजुरांवर लिहिले, तेव्हाही शब्द हाच होता. जिवंत माणसांना आपण हत्याराचे नाव देतो, आणि मेलेल्या माणसाच्या हत्याराला नावाशिवाय भिंतीवर टांगतो. दोन्हीकडे माणूसच गाळला जातो.

शाळामास्तर म्हणून मला वाटते, याची दुरुस्ती काही प्रमाणात वर्गात होऊ शकते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आम्ही ती परीक्षेच्या टिपणात ठेवली आणि हात मोकळे ठेवले. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्यही आहे. चांगले झाले. नालबंद मात्र त्या अठरांत नाही. लग्नाच्या वरघोड्यातला घोडा डांबरी रस्त्यावरून नाचत जातो, तेव्हा त्याच्या पायाखाली कोणाचे तरी काम वाजत असते. काळ्या घोड्याचा नाल शनीच्या भीतीने आपण पैसे मोजून घेतो. तो ठोकणाऱ्याचा पत्ता विचारत नाही.

तेव्हा वाचकांना माझी विनंती साधी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी, माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात असे काही पडलेले असेल. ते विकण्याआधी घासून पाहा, छाप असेल तर उतरवून घ्या, वजन करा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून त्याचे काम विचारून लिहून ठेवा. मराठीत, गुजरातीत, अहिराणीत, ज्या भाषेत तो सांगेल त्या भाषेत. घ्यायला जाणार असाल तर आपल्याला जे दिसले ते आधी बोलून दाखवा. त्याने किंमत वाढेल, हे खरे. पण जे मोल आपल्याला कळले आणि समोरच्याला कळले नाही, ते आपल्या खिशात राहिले तरी आपले नसते. ती ठेव असते, आणि ठेव परत करायची असते.

राहता राहिला माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. त्याला फसल्यासारखे का वाटले? ऐरण गेली म्हणून नव्हे. ती त्याने स्वखुशीने दिली होती. पैसे कमी आले म्हणूनही पूर्णपणे नव्हे. ज्या आकड्यांवर त्याने लहानपणी पेन्सिल घासली, त्यांचा अर्थ ठाऊक असलेला एक माणूस त्याच्या आजोबांच्या भट्टीपाशी येऊन उभा राहिला होता, आणि एक वाक्य न बोलता निघून गेला. त्या वाक्याने नातवाला आपला आजोबा थोडा अधिक कळला असता. मी त्याला कागदावर ते गणित करून दाखवले. ११२ अधिक ५६ अधिक १०. तो बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "एवढी ऐरण आजोबा एकट्याने हलवायचे, सर." हे मला ठाऊक नव्हते. त्या शौकीन गृहस्थांनाही ते ठाऊक नसणार. त्यांनी विचारलेच नव्हते.